दोन रात्रींत उतरणारी बॅटरी आणि नऊ इंची स्क्रीन : एका जोडणीचा प्रकरण अभ्यास

गाडी छोटी पेट्रोल हॅचबॅक, बॅटरी ३५ अँपिअर-अवरची, म्हणजे साधारण एक अँपिअर करंट ३५ तास पुरवणारी. कंपनीकडून आलेला स्टिरिओ नीट वाजत होता, स्टिअरिंगवरच्या बटणांनी आवाज कमी-जास्त होत होता, पण त्याला स्क्रीन नव्हती. मालकाला तीन गोष्टी हव्या होत्या: नकाशा समोर मोठा दिसावा, फोन हातात न घेता बोलता यावं आणि गाडी मागे घेताना कॅमेरा असावा. त्यासाठी नऊ इंची अँड्रॉइड सेट, २ जीबी रॅम आणि ३२ जीबी साठवण, त्या मॉडेलची प्लास्टिकची फ्रेम आणि मागचा कॅमेरा असं सगळं एकदमच घेतलं गेलं. बसवायला जेमतेम तास लागला. पुढच्या सगळ्या अडचणींचं मूळ त्या तासात आहे.

पहिले तीन आठवडे गाडी रोज चालत होती. एफएमवर दोनच स्टेशनं लागत, स्टिअरिंगवरची बटणं मुकी झाली होती, बास कुठे गेला ते कळत नव्हतं आणि खड्ड्यातून गेलं की कधीकधी सेट बंद पडून पुन्हा चालू होई. पण गाडी चालत होती, म्हणून हे सगळं खपून गेलं. मग एका शुक्रवारी संध्याकाळी लावलेली गाडी सोमवारी सकाळी चालू झाली नाही. चावी फिरवली, डॅशबोर्डवरचे दिवे मिणमिणले आणि विझले. बॅटरी चार्ज केली. पुढच्या जोडून आलेल्या सुट्टीत पुन्हा तेच. बॅटरी जुनी आहे असं ठरवून नवी घातली. नवी बॅटरीसुद्धा दोन रात्रींत उतरली, तेव्हा कुठे स्टिरिओवर संशय गेला.

बॅटरी बदलण्याआधी एक मोजमाप करायला हवं होतं. त्याला साधा मल्टिमीटर आणि तासभर धीर एवढंच लागतं.

झोपलेली गाडी किती करंट खाते

बॅटरी बाहेरच्या चार्जरने पूर्ण भरली आणि काही तास तशीच ठेवली. व्होल्टेज १२.६ आलं, म्हणजे सुरुवात भरलेल्या बॅटरीपासून झाली. बॉनेट उघडं ठेवून त्याची कडी पेचकसाने दाबून बंद केली, म्हणजे गाडीला बॉनेट बंद आहे असं वाटतं. दारं लॉक, चावी लांब. मल्टिमीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घालून मीटर बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाच्या आणि तिथून काढलेल्या केबलच्या मध्ये जोडला. मीटर मध्ये असताना दार उघडायचं नाही आणि चावी तर मुळीच फिरवायची नाही. स्टार्टर शेकडो अँपिअर खेचतो. मीटरचा फ्यूज उडेल किंवा मीटरच जाईल. आणि काम संपल्यावर बॉनेट आपटण्याआधी दाबलेली कडी सोडवायला विसरू नये, नाहीतर बॉनेट बसणार नाही आणि कडी वाकेल.

पहिली काही मिनिटं आकडा मोठा दिसतो, कारण गाडीतली कंट्रोल युनिटं अजून जागी असतात. घाईत बघणारा इथेच फसतो. चाळीस मिनिटं थांबल्यावर आकडा ०.६४ अँपिअरवर स्थिरावला. लॉक करून झोपलेल्या गाडीत तो ०.०५ च्या खाली असायला हवा.

ऑडिओचा फ्यूज काढला, आकडा ०.०२ वर आला. एवढ्यावर निकाल देणं बरोबर नाही, कारण त्याच फ्यूजवर अनेकदा आतला दिवा किंवा आणखी एखादं युनिट असतं. म्हणून फ्यूज परत लावून सेटच्या मागचा कपलरच (वायरी जोडणारा प्लग) काढला, पुन्हा गाडी झोपेपर्यंत थांबलो आणि पुन्हा मोजलं. तेव्हाही ०.०२. म्हणजे ०.६२ अँपिअर एकटा सेट खात होता, आणि तोही स्क्रीन काळी असताना.

०.६४ अँपिअर म्हणजे दिवसाला सुमारे १५ अँपिअर-अवर. शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ हे ६० तास, म्हणजे ३८ अँपिअर-अवर. बॅटरी ३५ ची. रोजच्या वापरात हे कळलं नाही याचं कारणही याच हिशेबात आहे: एका रात्रीच्या बारा तासांत आठेक अँपिअर-अवर जात होते, तेवढ्यावर स्टार्टर फिरतो, आणि दिवसा अल्टरनेटर त्यातलं बरंचसं भरून काढतो. बॅटरी रोज अर्धपोटी राहत होती, एवढंच. लेड-अ‍ॅसिड बॅटरी अशी अर्धी राहिली की प्लेटांवर सल्फेट कडक होत जातं आणि क्षमता कायमची घटते. पहिली बॅटरी मुळात थकलेली होती की या तीन आठवड्यांनी थकवली, हे आता ठरवता येत नाही.

लाल वायर

सेटच्या मागे वायरींचा जुडगा असतो. त्यात बॅटरीतून सतत येणाऱ्या १२ व्होल्टसाठी पिवळी वायर, चावी फिरवल्यावर येणाऱ्या १२ व्होल्टसाठी लाल, अर्थसाठी (बॉडीला जोडलेल्या निगेटिव्हसाठी) काळी. पिवळीवर सेटची ताकद आणि स्मृती चालते. लाल फक्त ‘आता जागा हो’ आणि ‘आता झोप’ एवढं सांगते. चावी काढली की लालवरचे १२ व्होल्ट जातात आणि सेट झोपतो.

या गाडीत पॅनल उघडलं तेव्हा लाल वायर पिवळीला पिळून वर टेप गुंडाळलेली होती. म्हणजे सेटच्या दृष्टीने चावी कायम लागलेलीच. मालक रोज पॉवरचं बटण दाबून सेट बंद करत होता, पण त्या बटणाने फक्त स्क्रीन विझत होती. प्रोसेसर, अ‍ॅम्प्लिफायर, वायफाय सगळं रात्रभर जागं.

बसवणाऱ्याने असं का केलं, ते मूळ कपलरकडे येणाऱ्या गाडीच्या वायरींवर मीटर लावल्यावर कळतं. एका वायरीवर सतत १२ व्होल्ट, एक अर्थ, आठ वायरी चार स्पीकरच्या, आणि दोन पातळ वायरी एकमेकींत पिळलेल्या. चावी फिरवून एकेक वायर तपासली तरी चावीबरोबर येणारे १२ व्होल्ट कुठेच नाहीत. या गाडीत चावीची स्थिती वेगळ्या वायरीने येतच नाही. ती त्या पिळलेल्या जोडीवरून, म्हणजे कॅन बसवरून (गाडीतली कंट्रोल युनिटं एकमेकांशी बोलतात ती वाट), संदेशाच्या रूपात येते. कंपनीचा स्टिरिओ तो संदेश वाचायचा. डॅशबोर्डच्या दिव्यांचा मंदपणा, रिव्हर्स गिअर, स्टिअरिंगवरची बटणं हे सगळं त्याच दोन वायरींवरून यायचं. नव्या सेटला ती भाषा येत नाही आणि त्याला हवी तशी लाल वायर गाडीत नाही. हाताशी पिवळी होती, तिला जोडून टाकली. सेट चालू झाला आणि काम झालं असं धरलं गेलं.

यावर दोन रास्त उपाय आहेत. एक, फ्यूजच्या पेटीत फक्त चावीबरोबर चालू होणारा एखादा फ्यूज शोधून, त्यात फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागी बसून जादा वायर काढून देणारा जोड) बसवून तिथून लाल वायर आणणं. लालवरून करंट नगण्य जातो, त्यामुळे टॅपमध्ये ३ किंवा ५ अँपिअरचा फ्यूज पुरे. मात्र एअरबॅग, एबीएस किंवा इंजिनच्या कंट्रोल युनिटच्या फ्यूजला हात लावायचा नाही. १२ व्होल्टच्या चार्जिंग सॉकेटचा फ्यूज बहुधा सोयीचा, तोही चावी काढल्यावर खरंच बंद होतो का हे मोजूनच. दुसरा उपाय, त्या मॉडेलसाठी बनलेला हार्नेस (कपलरसह तयार वायरींचा संच) आणि त्यासोबतची कॅन डिकोडरची छोटी डबी. ही डबी गाडीचे संदेश वाचून सेटला लागणारे १२ व्होल्ट स्वतः तयार करते आणि बटणांचे संदेश सेटला कळतील अशा रूपात पुढे पाठवते. इथे दुसरा उपाय निवडला, कारण पहिल्याने बटणं मुकीच राहिली असती.

ज्या गाड्यांत स्टिअरिंगची बटणं रेझिस्टन्सवर चालतात, तिथे डिकोडर लागत नाही. तिथे प्रत्येक बटण दाबल्यावर एकाच वायरीवर वेगवेगळा रेझिस्टन्स दिसतो; ती वायर सेटच्या ‘की १’ किंवा ‘की २’ ला आणि तिची परतीची वायर सेटच्या अर्थला जोडून सेटिंगमध्ये बटणं एकेक करून शिकवायची. परतीची वायर राहिली तर एकही बटण शिकवलं जात नाही, आणि दोन बटणांचे रेझिस्टन्स फार जवळचे असतील तर आवाज वाढवताना गाणं बदलतं. अशा वेळी गोंधळ होणारं बटण वगळून बाकीची शिकवावीत.

पॅनल उघडल्यावर दिसलेलं बाकीचं

मूळ कपलर कापून टाकलेला होता. याचं आम्हाला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. बाजारात त्या कपलरचा जोड मिळतो. तो लावला की गाडीची एकही वायर कापावी लागत नाही, पुढे गाडी विकताना मूळ स्टिरिओ परत बसवता येतो, आणि विजेच्या एखाद्या बिघाडावरून वॉरंटीचा प्रश्न निघाला तर बोट ठेवायला जागा राहत नाही. इथे सगळ्या वायरी कापून, पिळून, वर काळी टेप गुंडाळलेली होती. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डमागे टेपचा डिंक पातळ होतो, टेप घसरते आणि तांब्याची टोकं उघडी पडतात. पिवळ्या वायरीचा पीळ हाताने ओढताच सुटला. खड्ड्यात सेट बंद पडायचा तो यामुळे.

त्याच सैल जोडाचा दुसरा पुरावा व्होल्टेजमध्ये होता. इंजिन चालू, आवाज मोठा, बॅटरीवर १४.१ व्होल्ट, त्याच वेळी सेटच्या पिवळ्या आणि काळ्या वायरीत १२.९. एक व्होल्टाहून जास्त वाटेतच जात होतं, आणि जे वाटेत जातं ते जोडाच्या जागी उष्णता होऊन बसतं. ही घट अर्ध्या व्होल्टच्या आत हवी.

बास नाहीसा झाला होता त्याला सेट जबाबदार नव्हता. पुढच्या उजव्या स्पीकरच्या दोन वायरी उलट जोडलेल्या होत्या. डाव्या स्पीकरचा कोन (हवा हलवणारा शंकूसारखा पडदा) बाहेर येतो तेव्हा उजव्याचा आत जातो, आणि दोघांनी हलवलेली हवा एकमेकींना मारते. हे खालच्या सुरांत सगळ्यात जास्त जाणवतं. खात्री करायला सेटचा कपलर काढून स्पीकरच्या दोन वायरींना १.५ व्होल्टचा सेल क्षणभर लावला. कोन बाहेर आला तर सेलचं पॉझिटिव्ह जिथे लागलं ती वायर पॉझिटिव्ह. हे करताना मीटरने रेझिस्टन्सही पाहून घ्यावा: ४ ओहमच्या चांगल्या स्पीकरवर साधारण ३.२ ते ३.८ दिसतो. आणि स्पीकरची कोणतीही वायर बॉडीला लागलेली नाही, हेही पाहावं. आजच्या सेटमधला अ‍ॅम्प्लिफायर स्पीकरच्या दोन्ही वायरी चालवतो, त्यामुळे निगेटिव्ह अर्थला जोडली तर आवाज बिघडतो, सेट संरक्षणात जातो किंवा त्याची चिपच जळते.

एफएमचं कारण छतावरच्या अँटेनात निघालं. आखूड अँटेनाच्या बुडाशी छोटा अ‍ॅम्प्लिफायर असतो आणि त्याला १२ व्होल्ट लागतात. कंपनीचा स्टिरिओ ते अँटेनाच्या केबलमधूनच वर पाठवत असे. नव्या सेटची गोल पिन बसावी म्हणून लावलेला अडॅप्टर नुसता आकार बदलणारा होता. निळ्या वायरीसह येणारा, केबलमध्ये १२ व्होल्ट सोडणारा अडॅप्टर लावून निळी वायर सेटच्या अँटेना पॉवरला जोडली, आणि स्टेशनं परत आली. अ‍ॅम्प्लिफायर आहे अशा अँटेनाला वीज मिळाली नाही तर तो अँटेना नसल्यापेक्षाही वाईट वागू शकतो, हे बसवणाऱ्यांना माहीत असायला हवं.

कॅमेरा चालू होता, पण गिअर टाकल्यावर आपोआप चित्र येत नव्हतं. कॅमेऱ्याच्या लांब व्हिडिओ केबलबरोबर एक बारीक लाल वायर असते, दोन्ही टोकांना मोकळी. मागे ती रिव्हर्स दिव्याच्या पॉझिटिव्हला आणि पुढे सेटच्या रिव्हर्स वायरीला जोडायची. इथे पुढचं टोक टेपमध्ये गुंडाळून सोडून दिलं होतं. शिवाय केबल डिकीच्या दाराच्या फटीतून आत घेतली होती, आणि दाराच्या रबरखाली ती चेपून तिची वरची साल फाटली होती. डिकीच्या वायरी बॉडीत जातात तिथे रबराची नळी असते, केबल त्यातूनच न्यायची. अवघड काम आहे. नळी दोन्ही बाजूंनी मोकळी करून ताठ वायरीच्या मदतीने केबल ओढावी लागते आणि त्यात अर्धा तास जातो.

जीपीएसचा अँटेना सेटच्या लोखंडी पेटीला, फ्रेमच्या आत, चिकटवलेला होता. नकाशावरची गाडी म्हणून शेजारच्या गल्लीत दिसायची.

निवड कुठे चुकली

सेट वाईट नव्हता. पण निवडताना पाहिलं ते समोरून. गाडीच्या मागच्या कपलरवर काय येतं, हा प्रश्न आधी सुटला असता तर डिकोडरसह हार्नेस पहिल्याच दिवशी यादीत आला असता आणि वरच्या तक्रारींतल्या निम्म्या उद्भवल्याच नसत्या. आम्ही तर म्हणू, आधी हार्नेस शोधावा. आपल्या मॉडेलचा, आपल्या वर्षाचा आणि आपल्या व्हेरिएंटचा नीट हार्नेस ज्या सेटला मिळतो, त्याच सेटांतून मग स्क्रीन निवडावी. एकाच मॉडेलच्या खालच्या आणि वरच्या व्हेरिएंटमध्ये कपलर वेगळा असू शकतो, म्हणून नाव सांगून भागत नाही. स्टिरिओ बाहेर काढून कपलरचा फोटो घ्यावा.

मापांबद्दल थोडंसं. स्टिरिओच्या खोबणीचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ७७३६. त्यात सिंगल डिन म्हणजे १८० बाय ५० मिमी, डबल डिन म्हणजे १८० बाय १०० मिमी. नऊ किंवा दहा इंची स्क्रीन या खोबणीत बसतच नाही; ती खोबणीच्या पुढे येते आणि म्हणून तिची फ्रेम त्या त्या गाडीपुरतीच असते. फ्रेम घेताना एसीच्या जाळ्या, धोक्याच्या दिव्याचं बटण आणि एसीची बटणं झाकली जाणार नाहीत ना, हे पाहावं. खोबणीची खोलीही मोजावी. अँड्रॉइड सेटची पेटी उथळ असते, पण वायरींचा जुडगा आणि डिकोडर यांना मागे जागा लागते, आणि तीच जागा काही गाड्यांत हीटरच्या नळीने खाल्लेली असते.

वॅटच्या आकड्यावर जाऊ नये. खोक्यावर ‘४ बाय ५०’ लिहिलेलं असतं. गाडीत जास्तीत जास्त १४.४ व्होल्ट आणि ४ ओहमचा स्पीकर धरला, तर व्होल्टेजचा वर्ग भागिले रेझिस्टन्स, म्हणजे सुमारे ५२ वॅट येतात. पण तो अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण ताणून आवाज चौकोनी तुटल्यावरचा आकडा. स्वच्छ लहरीसाठी त्याच्या निम्मे, २६ वॅट, ही कागदावरची कमाल, आणि प्रत्यक्षात ऐकण्याजोगे पंधरा-वीस. आत व्होल्टेज वाढवणारा भाग नसेल तर सेट कोणताही असो, हे गणित बदलत नाही. जास्त हवं असेल तर वेगळा अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा लागतो.

रॅमचा प्रश्न वापरावर ठरतो. नकाशा आणि गाणी फोनवरूनच चालवायची असतील, म्हणजे २०१४ साली आलेलं कारप्ले किंवा २०१५ साली आलेलं अँड्रॉइड ऑटो वापरायचं असेल, तर सगळं काम फोन करतो आणि सेट फक्त पडदा होतो. मग २ जीबी पुरतात. किंबहुना अँड्रॉइड नसलेला, झटपट चालू होणारा सेट जास्त बरा. या मालकाची गरज नेमकी हीच होती. सेटमध्येच अ‍ॅप टाकायची असतील तर ४ जीबीपासून पुढे बघावं. स्वस्त सेटच्या सेटिंगमध्ये दिसणारा अँड्रॉइडचा आवृत्ती क्रमांक खरा असेलच असं नाही, तो बदलून लिहिता येतो. हार्डवेअरची माहिती दाखवणारं अ‍ॅप टाकून खरी आवृत्ती आणि खरी रॅम पाहावी. स्क्रीन दुकानातल्या दिव्याखाली नाही, गाडीत बसून उन्हात पाहावी, आणि ड्रायव्हरच्या जागेवरून, तिरकी.

पुन्हा बसवताना

आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढलं आणि काही मिनिटं थांबलो, कारण पॅनलजवळून एअरबॅगच्या वायरी जातात. त्यानंतर प्लास्टिकच्या पट्टीने पॅनलच्या क्लिप सोडवल्या. पेचकस घातला की कडेला कायमचा ओरखडा उमटतो. या पॅनलवर धोक्याच्या दिव्याचं बटण आणि शेजारच्या सीटच्या एअरबॅगचा दिवा दोन्ही होते. ते कपलर सुटलेले असताना चावी लावली तर एअरबॅगच्या युनिटमध्ये दोष नोंदला जातो आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा मग स्कॅनर लावल्याशिवाय जात नाही. मधली चाचणी घ्यायची तर आधी हे कपलर तात्पुरते परत लावायचे.

कापलेल्या वायरींवर मूळ जातीचा कपलर परत बसवला. प्रत्येक जोड क्रिंप करून (धातूच्या नळीत दाबून) वर हीट श्रिंक नळी चढवली. डाग देणंही (सोल्डरिंग) चालतं, पण डाग वायरीत वर चढून ती कडक करतो आणि कडक भाग संपतो तिथे ती कंपनाने तुटते. डाग दिला तर शेजारी आधार द्यावाच लागतो. जोड एकाच जागी येऊ दिले नाहीत, मागेपुढे ठेवले, म्हणजे जुडगा एका ठिकाणी जाड होत नाही. पिवळ्या आणि काळ्यासाठी १.५ चौरस मिमीची वायर घेतली, पिवळीवर १० अँपिअरचा फ्यूज आधीचाच ठेवला. अर्थसाठी रंग खरवडलेला बॉडीचा बोल्ट वापरला. सगळ्या जुडग्यावर कापडी टेप गुंडाळली. ती खडखडीसाठी, विजेसाठी नाही.

मग डिकोडर. सेटच्या फॅक्टरी सेटिंगमध्ये कॅनचा प्रकार निवडावा लागतो: डबीचा बनवणारा, गाडीची कंपनी, मॉडेल, वर्ष. चुकीचा प्रकार निवडला तर सेट चालू होतो पण बटणं, रिव्हर्स, मंद प्रकाश यातलं काहीच येत नाही किंवा चुकीचं येतं, आणि लोक डबी खराब म्हणून परत करतात. इथे पहिल्या निवडीत बटणं आली पण आवाज उलटा चालत होता. त्याच यादीतला पुढचा प्रकार घेतल्यावर सगळं जुळलं. रिव्हर्सचा संदेशही डबीकडून मिळाल्याने सेटला वेगळी ट्रिगर वायर लागली नाही; कॅमेऱ्याला वीज मात्र रिव्हर्स दिव्यावरूनच दिली. दिवा एलईडीचा असेल आणि त्याला वीज तुकड्यातुकड्यांत मिळत असेल तर चित्र लुकलुकतं. तेव्हा मध्ये रिले (विजेवर चालणारा स्विच) टाकावा. कॅमेऱ्याचा प्रकार साधा आहे की एएचडी (जास्त स्पष्ट चित्राचा), आणि एएचडी असेल तर कोणता, हे सेटिंगमध्ये जुळवावं लागतं, नाहीतर स्क्रीन काळी किंवा रेघारेघांची दिसते. चित्र आरशासारखं उलटं हवं. मार्गदर्शक रेषा गाडीगणिक वेगळ्या, म्हणून जमिनीवर बंपरपासून एक मीटरवर टेप लावून त्या जुळवल्या.

माइक बाहेरचा घेतला आणि स्टिअरिंगच्या खांबावरच्या आवरणाला लावला, एसीच्या जाळीपासून दूर. काच-खांबाच्या आवरणातून वायर नेली तर ती पडदा-एअरबॅगच्या मागून जायला हवी, कधीही पुढून नाही. जीपीएसचा अँटेना डॅशबोर्डच्या प्लास्टिकखाली, काचेजवळ, तोंड आकाशाकडे. सेटच्या पेटीला लागणारे स्क्रू सोबत आलेलेच वापरले. लांब स्क्रू आतल्या बोर्डाला जाऊन लागतो.

पॅनल बंद करण्याआधी सगळं मोकळं ठेवून तपासलं: चारही स्पीकर एकेक करून, एफएम, फोन, रिव्हर्स, दिवे लावल्यावर स्क्रीन मंद होते का, आणि चावी काढून दार उघडल्यावर सेट खरंच झोपतो का. हे शेवटचं लगेच होत नाही. काही गाड्यांत दार उघडेपर्यंत संदेश चालूच राहतो.

नंतरचे आकडे

सेटचं पिवळं-काळं आता बॅटरीपेक्षा ०.३ व्होल्टने कमी. लॉक करून चाळीस मिनिटांनी गाडीचा एकूण करंट ०.०५ अँपिअर. हा चालण्यासारखा होता, पण आधीच्या ०.०२ च्या मानाने जास्त, म्हणून शोधलं. डिकोडर निर्दोष निघाला. काही डब्या कॅन बसला झोपूच देत नाहीत, तशी ही नव्हती. फरक होता सेटच्या झटपट चालू होण्याच्या सेटिंगचा: त्यात सेट पूर्ण बंद न होता डुलकी घेतो. ते बंद केल्यावर आकडा ०.०३ वर आला, म्हणजे दिवसाला ०.७ अँपिअर-अवर.

त्यानंतर गाडी सलग नऊ दिवस उभी होती. दहाव्या दिवशी बॅटरी १२.४५ व्होल्ट, आणि स्टार्टर पहिल्या चावीला फिरला. बॅटरीचं निगेटिव्ह काढल्यामुळे ड्रायव्हरच्या काचेचं एका दाबात वर जाणं विसरलं गेलं होतं. काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवल्यावर ते परत आलं.

एक गोष्ट मालकावर सोडली आहे. झटपट चालू होणं बंद ठेवलं की चावी लावल्यापासून स्क्रीन यायला अर्धं मिनिट लागतं, आणि तेवढ्यात गाडी मागे घ्यायची असेल तर कॅमेरा उशिरा येतो. गाडी रोज चालणार असेल तर ते सेटिंग चालू ठेवायला हरकत नाही: ०.०५ अँपिअर म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-अवर, आठवडाभरही बॅटरी टिकेल. गावाला जाताना मात्र ते बंद करून जावं लागेल.